डावीकडचं वरचं बटण दाबा!

मुंबईला एक जपानी बहीण आहे, योकोहामा. १९६५ साली या दोन बंदरांनी भगिनी-शहरांचा करार केला. रामेनचं, म्हणजे गरम सुपात वाढलेल्या शेवयांचं, मूळ शोधायला निघालं की मागही फिरून योकोहामालाच येतो. तिथे रामेनचं म्युझियम आहे, कप नूडल्सचं वेगळं म्युझियम आहे, शिवाय रामेनचं एक घराणंच या शहरात जन्मलं. तेव्हा अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून जपानला गेलेल्या माणसाने रामेन न खाता परतणं म्हणजे बहिणीच्या दारात जाऊन पाणीही न पिता निघणं!

२०२४ मध्ये दोन लाखांहून जास्त भारतीय जपानला जाऊन आले. आपल्या उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये तर हल्ली साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, मोसम आला की कुणी ना कुणी बॅगा भरत असतंच. टूरच्या कार्यक्रमात फुजी असतो, बुलेट ट्रेन असते, क्योतोची देवळं असतात, आणि रात्रीचं जेवण बहुधा भारतीय. नावाजलेलं रामेनचं दुकान मात्र त्यात नसतं. कारण साधं आहे. तिथे जेमतेम दहा-बारा खुर्च्या असतात, चाळीस जणांची बस उतरवणार कुठे? हे दुकान मोकळ्या दुपारी दोघातिघांनी आपलं आपण गाठायचं. जपानी माणूस रोजच्या धावपळीत काय खातो आणि कसा खातो, हे इतक्या जवळून दुसरीकडे बघायला मिळत नाही. म्हणून ही थोडी पूर्वतयारी.

आधी पैसे, मग खुर्ची

दारावरचा कापडी पडदा बाजूला सारून आत शिरलात, की बऱ्याच दुकानांत वेटर येत नाही. समोर यंत्र असतं. माणसाच्या उंचीचं, अंगभर बटणांच्या ओळी. काहींवर फोटो, काहींवर नुसती जपानी अक्षरं. गांगरायचं नाही. आधी नोट सरकवायची. तेवढ्या पैशांत जे जे मिळतं त्याची बटणं उजळतात. अक्षरओळख शून्य असेल, तर सगळ्यात वरच्या ओळीतलं सगळ्यात डावीकडचं बटण दाबायचं. दुकान ज्यासाठी नावाजलंय तो रामेन बहुतेक ठिकाणी तिथेच असतो, आणि नव्या दुकानात शिरलेले जपानी लोकही हेच करतात. खाली तिकीट पडतं. उरलेली चिल्लर आली नाही, तर बाजूचा छोटा दांडा ओढायचा. तिकीट काउंटरवर ठेवलं की काम झालं. आता बोलायचं काही नाही.

ही पद्धत कोरडी वाटेल, पण तिच्यामागचा हिशेब पक्का आहे. आत एक किंवा दोन माणसं काम करत असतात. त्यांनी शेवया उकळायच्या, सूप ओतायचं, वर मांस-भाज्या रचायच्या, आणि हे सगळं मिनिटांच्या गणितात. त्यांचा हात पैशाला लागत नाही, गल्ल्यावर माणूस लागत नाही, आणि खाऊन झाल्यावर बिलाची वाट बघत कुणी खुर्ची अडवत नाही. दहा खुर्च्यांचं दुकान चालतं ते या यंत्राच्या जोरावर.

खिशात हजार येनच्या नोटा हव्यात. साध्या वाडग्याची किंमत नऊशे-हजार येनच्या आसपास, म्हणजे आपले साडेपाचशे-सहाशे रुपये. जपानमध्ये रामेनला 'हजार येनची भिंत' आहे असं म्हणतात. त्यापेक्षा महाग केला तर गिऱ्हाईक पाठ फिरवेल, ही दुकानदारांची जुनी धास्ती. मैदा, मांस, गॅस सगळं महागलं, तरी कित्येक वर्षं ही भिंत ओलांडायला ते कचरत होते.

त्या हजारच्या नोटेकडे एकदा नीट बघा. जुलै २०२४ मध्ये नवी नोट आली, तिच्यावर कितासातो शिबासाबुरो या जंतुशास्त्रज्ञाचं चित्र आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगची साथ पसरली, तेव्हा प्लेगचा जंतू शोधायला जे दोघे तिथे पोहोचले त्यातला एक हा, दुसरा अलेक्सांद्र येर्सँ. दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, तोच प्लेग आपल्या मुंबईत उतरला. माणसं शहर सोडून पळाली. पुढे दाटीवाटीतून बाहेर पडून दादर-माटुंग्याकडे आखीव वस्त्या उभ्या राहिल्या, त्यामागेही प्लेगची ती भीती होती. मुंबईच्या उत्तरेकडे सरकण्याच्या कहाणीत ज्याचा दूरचा संबंध आहे, असा माणूस तुमच्या हातातल्या नोटेवर बसलेला आहे! या नव्या नोटेने रामेनवाल्यांना मात्र घाम फोडला. जुनी यंत्रं ती घेईनात, आणि यंत्र बदलायचा खर्च छोट्या दुकानाला झेपणारा नव्हता.

वन बाय टू? नाही!

उपनगरातल्या चायनीज हॉटेलात 'एक मॅन्चाऊ, वन बाय टू' ही ऑर्डर जन्मसिद्ध हक्क आहे. रामेनच्या दुकानात मात्र एका माणसामागे एक वाडगा, हा नियम अनेक ठिकाणी ठळक लिहिलेला असतो. खुर्च्या मोजक्या, त्यामुळे प्रत्येक खुर्चीने एक वाडगा विकलाच पाहिजे. लहान मुलांसाठी छोटी वाटी मागितली तर आनंदाने देतात, पण तीन मोठ्या माणसांत एक वाडगा फिरवायचा नाही. भूक कमी असेल तर कमी शेवयांचा किंवा छोटा वाडगा आहे का, ते विचारा.

रांगेचेही नियम आहेत. 'आमचे दोघं मागून येताहेत' चालत नाही. सगळी मंडळी जमल्यावरच रांगेत उभं राहायचं. काही ठिकाणी आधी तिकीट काढून मग रांगेत जायचं, काही ठिकाणी उलट. पुढचा काय करतोय ते बघावं, हा सर्वांत खात्रीचा मार्ग. सकाळी ८:१२ ची फास्ट पकडणाऱ्या माणसाला रांगेतलं शहाणपण शिकवायची गरज नाही, ही आपली जमेची बाजू.

भुरका बिनधास्त मारा

आमटीचा भुरका मारला म्हणून लहानपणी ज्यांनी बोलणी खाल्ली, त्यांच्यासाठी आनंदाची बातमी! शेवया आवाज करत ओढणं तिथे पूर्ण शिष्टसंमत आहे. त्याला कारणही आहे. हवेबरोबर ओढल्याने उकळती शेवई तोंडात जाता जाता निवते आणि सुपाचा वास नाकापर्यंत पोहोचतो. शिवाय रामेन तापलेल्या सुपात बसून राहिला की शेवया फुगत जातात, म्हणून तो पटपट खायचा. पंधरा-वीस मिनिटांत आत-बाहेर. गप्पा मारायला नंतर कॉफीचं दुकान आहे. जुझो इतामी या दिग्दर्शकाचा १९८५ चा 'ताम्पोपो' हा सिनेमा रामेनचं दुकान उभं करू पाहणाऱ्या बाईची गोष्ट सांगतो. त्यात एक वृद्ध माणूस रामेन कसा खावा याचे धडे देतो. जाण्याआधी जरूर बघा.

पिवळा रंग आणि आपला पापडखार

रामेनच्या शेवया पिवळसर दिसतात, म्हणून त्यात अंडं असणार असा अनेकांचा समज असतो. काही दुकानं घालतातही, पण रंगाचं मुख्य कारण वेगळं आहे. गव्हाच्या पिठात ते 'कान्सुई' नावाचं क्षाराचं पाणी घालतात. त्यात सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं. पापड लाटण्याआधी आपल्याकडे पिठात पापडखार पडतो, तो याच कुळातला. क्षारामुळे पिठातलं ग्लूटेन घट्ट होतं, शेवई तुटत नाही, दाताला लवचिक लागते आणि गरम सुपात लवकर विरघळत नाही. पिठात मुळात बिनरंगी असलेली काही द्रव्यं क्षाराच्या संगतीत पिवळी पडतात. हळदीचे हात साबणाने धुताना लाल होतात, तीही क्षाराचीच करामत. उदोन ही दुसरी जपानी शेवई आणि रामेन दोन्ही गव्हाचे, पण त्यांच्यात जो फरक आहे तो या चिमूटभर क्षाराचा.

चिनी पाहुणा घरचा झाला

रामेन मूळचा जपानी नाहीच. योकोहामा, कोबे, नागासाकी या बंदरांवर चिनी वस्त्या वसल्या, त्यांच्याबरोबर या शेवया आल्या. १९१० मध्ये ओझाकी कान्इची नावाच्या गृहस्थांनी तोक्योच्या आसाकुसा भागात 'राईराईकेन' हे दुकान काढलं आणि त्यासाठी योकोहामाच्या चिनी वस्तीतून १२ स्वयंपाकी आणले. चिनी सुपाला जपानी सोया सॉसची चव मिळाली, किंमत सामान्य माणसाला परवडेल अशी ठेवली, आणि दुकानापुढे झुंबड उडाली. आजच्या सोया सॉसवाल्या तोक्यो रामेनची वाट इथून निघते.

हे आपल्यालाही ओळखीचं आहे. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी आलं, लसूण, मिरचीच्या फोडणीत सोया सॉस घालून चिकन मांचुरियन केलं. चीनमध्ये हा पदार्थ कुणी ओळखणार नाही, आणि इथे गाड्यागाड्यावर तो मिळतो. चायनीज भेळ तर त्याच्याही पुढे गेली. जपानने रामेनचं जे केलं, तेच मुंबईने मांचुरियनचं केलं. परक्याचा पदार्थ घेतला, आपल्या तिखटामिठाने बदलला आणि रस्त्यावरच्या माणसाच्या हातात दिला. मला दोन्ही शहरांचं याबद्दल मनापासून कौतुक वाटतं.

उमामी आणि वेसाव्याचे बोंबील

अंधेरीच्या पश्चिमेला वेसावे कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना रामेनच्या दुकानातला एक वास लगेच कळेल. तो निबोशीचा, म्हणजे उकडून वाळवलेल्या छोट्या मासळीचा. जपानच्या उत्तरेला आओमोरीच्या त्सुगारू भागात तर निबोशीचं इतकं दाट सूप करतात, की आपल्या सुकटप्रेमींना दुकान शोधायला नकाशा लागू नये.

सुक्या मासळीने चव का वाढते, याचा शोधही जपानचा. १९०८ मध्ये तोक्यो विद्यापीठातले प्राध्यापक इकेदा किकुनाए यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. पुढे १९१३ मध्ये त्यांचे विद्यार्थी कोदामा शिंतारो यांनी सुक्या बोनिटो मासळीत दुसरं चवद्रव्य शोधलं, इनोसिनेट. खरी मजा पुढे आहे. ही दोन्ही एकत्र आली की चव नुसती दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढते. रामेनवाला कोंबू, मासळी आणि हाडांचं सूप एकाच वाडग्यात का एकत्र आणतो, त्याचं उत्तर या रसायनात आहे.

वाडग्यातली ती गुलाबी भोवऱ्याची पांढरी चकती? ती माशाची आहे, तिला नारुतो म्हणतात. तपकिरी पट्ट्या बांबूच्या कोंबांच्या, आंबवून वाळवलेल्या. पावसाळ्यात आपल्याकडे रानभाज्यांत बांबूचे कोंब घेणाऱ्यांना त्या परक्या वाटणार नाहीत.

मुलुंड-घाटकोपरच्या शाकाहारी मंडळींनी हे वाचावंच

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. 'मांस नको' एवढं सांगून रामेन शाकाहारी होत नाही. वरचा मांसाचा तुकडा काढतील, पण सूप डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचं असतं, आणि तेही नसलं तरी सुक्या माशांचं असतं. मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा) किंवा सोया सॉसचा रामेन नावावरून निरुपद्रवी वाटतो, पण ते नाव फक्त चवीच्या मिश्रणाचं आहे, खालचं सूप वेगळंच. जपानी माणसाला माशाचं पाणी हे 'मांसाहारी' वाटतच नाही, त्यामुळे फसवण्याचा हेतू नसतानाही घोटाळा होतो.

म्हणून 'व्हेजिटेरियन'पेक्षा 'व्हीगन' हा शब्द वापरा, जपानी उच्चार 'बीगन'. तोक्यो स्टेशनात, तिकिटाच्या गेटच्या आत, 'टीज तानतान' हे पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे. तिळाच्या कुटाचं दाट, तिखट सूप हा त्यांचा हुकमी पदार्थ, आणि तिळाच्या चटणीवर वाढलेल्या मराठी जिभेला तो पहिल्या घासात पटतो. गेटच्या आत असल्यामुळे गाडी बदलता बदलता खाता येतं. 'आफुरी' या नावाजलेल्या साखळीतही व्हीगन रामेन मिळतो.

जैन मंडळींना एक जास्तीची गोष्ट उपयोगी पडेल. जपानी बौद्ध मठांच्या स्वयंपाकात लसूण, कांदा, कांद्याची पात यांसारखे पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत. त्यांना एकत्र 'गोकुन' म्हणतात, आणि काही व्हीगन हॉटेलं 'गोकुन नाही' असं मेन्यूत लिहितात. कांदा-लसणाचा प्रश्न तिथे सुटतो. बटाटा, गाजर यांचं मात्र वेगळं विचारावं लागेल, कारण मठातल्या नियमात कंदमुळं चालतात.

मांसाहार करतो पण डुक्कर नको, अशांनी 'तोरी पाइतान' मागावा. कोंबडीच्या हाडांचं दुधासारखं पांढरं, दाट सूप. तरी वर डुकराच्या मांसाची चकती ठेवत नाहीत ना, एवढं विचारून घ्यायचं.

शेवया संपल्या, सूप उरलं

क्यूशू बेटावरचं फुकुओका शहर. तिथल्या नागाहामा भागात मासळीबाजार. कामगारांना वेळ नाही, भूक मोठी. शेवया जाड आणि भरपूर ठेवल्या तर शिजायला वेळ लागणार आणि खाईपर्यंत फुगणार. मग दुकानदारांनी युक्ती काढली. बारीक शेवया, ज्या क्षणात शिजतात, आणि थोड्याच वाढायच्या. संपल्या की गिऱ्हाइकाने 'काएदामा' म्हणायचं, उरलेल्या सुपात शेवयांचा ताजा गोळा येऊन पडतो. शे-दीडशे येनमध्ये दुसरा डाव! आज ही पद्धत जपानभर पसरली आहे. लक्षात एवढंच ठेवायचं, की काएदामा घ्यायचा असेल तर सूप आधीच पिऊन संपवू नका. शेवया किती कडक हव्यात तेही विचारतात. पहिल्यांदा 'फुत्सू', म्हणजे नेहमीसारख्या, सांगा. 'हारिगाने', म्हणजे तारेसारख्या, शेवयांकडे दुसऱ्या फेरीत वळावं.

फुकुओकाचंच 'इचिरान' आज परदेशी पाहुण्यांमध्ये सर्वांत गाजलेलं. तिथे प्रत्येकाला लाकडी फळ्यांनी वेगळा केलेला एकट्याचा कप्पा मिळतो. समोर बांबूची चिक. ऑर्डरचा कागद इंग्रजीतही मिळतो. तिखट किती, लसूण किती, सूप किती दाट, खुणा करून द्यायचं. चिकेखालून दोन हात वाडगा पुढे करतात, कमरेत वाकून नमस्कार होतो, चिक खाली पडते. समोरच्याचा चेहरा दिसतच नाही! काएदामासाठी धातूची पट्टी बटणावर ठेवली की एक सूर वाजतो. तो 'चारुमेरा'चा. पूर्वी रात्री गाडा घेऊन फिरणारे रामेनवाले हे वाद्य फुंकत. दोन पात्यांचं, पुढे रुंद होत जाणारं, म्हणजे आपल्या सनईच्या भावकीतलं.

एकट्याने जेवायला बसणं आपल्याकडे अजून अनेकांना, विशेषतः बायकांना, अवघड वाटतं. कुणी बघेल, कुणी विचारेल. रामेनच्या काउंटरवर एकटं असणं हीच रीत आहे. जपानमध्ये एकट्या फिरणाऱ्या मैत्रिणींना मी पहिलं जेवण इथेच घ्यायला सांगते.

ढीग, तारा आणि बर्फ

तोक्योतल्या केइओ विद्यापीठाजवळचं 'रामेन जिरो' विद्यार्थ्यांचं तीर्थस्थान. १९६८ पासूनचं. वाडग्यावर मोड आलेल्या कडधान्याच्या कोंबांचा आणि कोबीचा डोंगर, खाली जाडजूड शेवया, वर चरबी. वाढण्याआधी विचारतात, लसूण घालू का? तेव्हाच भाज्या, चरबी, लसूण किती ते सांगायचं. छोटा वाडगासुद्धा दोघांना पुरेल एवढा असतो, आणि टाकून उठणं तिथे आवडत नाही. पोट बघून जा.

दुसऱ्या टोकाला 'त्सुता'. तेव्हा तोक्योच्या सुगामो भागात असलेलं नऊ खुर्च्यांचं दुकान. डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मिशेलिन गाइडमध्ये त्याला एक तारा मिळाला, आणि रामेनच्या दुकानाला तारा मिळण्याची जगातली ती पहिलीच वेळ. मग इतकी गर्दी लोटली, की सकाळीच वेळेचे टोकन वाटावे लागले. आणि परक्याला या धंद्यात जागा नाही असंही नाही. २००७ मध्ये इव्हान ऑर्किन या न्यूयॉर्कच्या माणसाने तोक्योत रामेनचं दुकान काढलं आणि चोखंदळ जपानी खवय्यांनी ते डोक्यावर घेतलं.

उन्हाळ्यात गेलात तर यामागाता गाठा. १९३३ च्या जुलैत तिथे पारा ४०.८ अंशांवर गेला होता, आणि जपानचा हा उच्चांक ७४ वर्षं टिकला. अशा गावात उकळता रामेन कोण खाणार? १९५२ मध्ये तिथल्या 'साकाएया' या दुकानाने थंड रामेन काढला. गार सूप, वर बर्फाचे खडे. मे महिन्यात बोरिवली स्टेशनच्या पुलावर घामाघूम झालेल्या माणसाला ही कल्पना लगेच पटेल.

बहिणीच्या घरी

आता पुन्हा योकोहामा. शिन-योकोहामा हे बुलेट ट्रेनचं स्टेशन, तिथून चालत थोड्या अंतरावर १९९४ साली उघडलेलं रामेन म्युझियम. तळघरात १९५८ सालातली गल्ली उभी केली आहे. जुने फलक, मिणमिणते दिवे, संध्याकाळचं रंगवलेलं आकाश. गल्लीत वेगवेगळ्या प्रांतांची रामेनची दुकानं. इथे छोटे वाडगे मिळतात, त्यामुळे एकाच दिवसात दोन-तीन प्रकार चाखता येतात. वेळ कमी असलेल्या पर्यटकाने फार विचार न करता इथे जावं. १९१० चं ते राईराईकेनही २०२० मध्ये इथेच पुन्हा उभं राहिलं.

१९५८ च का? कारण त्याच वर्षी २५ ऑगस्टला मोमोफुकू आंदो यांनी जगातला पहिला झटपट रामेन बाजारात आणला. युद्धानंतरच्या उपाशी ओसाकात, कडाक्याच्या थंडीत रामेनच्या एका गाड्यापुढे लागलेली लांबलचक रांग त्यांनी पाहिली होती. पुढे धंदा बुडाला, हाती काही उरलं नाही, तेव्हा घरामागच्या खोपटात त्यांनी प्रयोग सुरू केले. शेवया टिकवायच्या कशा, हे सुचेना. बायको तेलात तेंपुरा, म्हणजे जपानी भजी, तळत होती. कढईत पडलेल्या पिठातलं पाणी बुडबुडे होऊन उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात, हे त्यांनी पाहिलं. शेवया तळल्या की वाळणार, आणि गरम पाणी त्याच छिद्रांतून परत आत शिरणार! तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. गंमत म्हणजे पहिलं पाकीट ३५ येनला होतं आणि ताजी उदोन ६ येनला. आज सर्वांत स्वस्त समजलं जाणारं हे खाणं चैनीची वस्तू म्हणून जन्मलं. १९७१ मध्ये त्यांनीच कप नूडल्स आणलं. २००५ मध्ये अंतराळवीर सोइची नोगुची यांच्याबरोबर त्यांचा रामेन अवकाशातही गेला. आपल्याकडे मॅगी आली १९८३ मध्ये. २०२३ च्या आकड्यांनुसार झटपट नूडल्स खाण्यात चीन आणि इंडोनेशियाच्या पाठोपाठ भारताचा तिसरा क्रमांक लागतो.

योकोहामाच्या बंदराजवळचं कप नूडल्स म्युझियम २०११ मध्ये उघडलं. तिथे स्वतःचा कप रंगवायचा, ४ सुपांतलं एक आणि १२ जिन्नसांतून ४ निवडायचे. एकूण ५४६० प्रकार होतात असं ते सांगतात. मुलांना सहलीतच गणित घालायचं असेल, तर हे घाला. एकच जिन्नस पुन्हा घेता येतो, एवढा इशारा पुरे. उत्तर बरोबर येतं.

आणि ते घराणं? १९७४ मध्ये ट्रक चालवणाऱ्या एका माणसाने योकोहामात 'योशिमुराया' सुरू केलं. क्यूशूचं हाडांचं दाट सूप आणि तोक्योचा सोया सॉस त्याने एकत्र केला, वर पालक आणि समुद्री शेवाळाचे तीन कागद. त्याच्याकडे शिकलेल्या शिष्यांनी पुढे दुकानं काढली, नावाच्या शेवटी 'या' लावला. 'इएकेई' म्हणून हा रामेन आता देशभर मिळतो.

रामेन दोन-तीन दिवस झाला आणि वरणभाताची आठवण दाटून आली, तर तोक्योच्या एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई गाठा. २००० च्या आसपास आलेल्या आयटी इंजिनिअरांमुळे इथे भारतीयांची मोठी वस्ती झाली. योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस २०१९ मध्ये याच वॉर्डातून निवडून आला. तोक्यो मराठी मंडळाचा गणेशोत्सवही या शहरात होतो.

निघण्यापूर्वी

टीप ठेवायची नाही. ठेवलीत तर विसरलात असं समजून दुकानदार मागे धावत येईल. पाणी फुकट, बहुधा आपलं आपण ओतून घ्यायचं. आपल्या वाडग्याचा फोटो चालतो, पण शेजाऱ्याचा आणि स्वयंपाक्याचा विचारल्याशिवाय नाही. सूप सगळं प्यायलाच पाहिजे असं मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि सुपासकट संपवलेला एक वाडगा अनेकदा तेवढं मीठ एकटाच देतो. रक्तदाब असलेल्या काका-काकूंनी शेवया खाव्यात, सूप दोन-चार चमचे चाखावं आणि उरलेलं खुशाल ठेवावं, कुणी नाक मुरडणार नाही. खाऊन झालं की वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवायचा, फडकं दिसलं तर समोरची जागा पुसायची, आणि 'गोचिसोसामा' म्हणायचं. तेवढ्या एका शब्दावर आतून जोरदार, मनापासूनचा प्रतिसाद येतो.

वेळ दुपारी दोनच्या सुमाराची धरा. बाराची ऑफिसांची गर्दी ओसरलेली असते आणि बरीच दुकानं तीनच्या आसपास संध्याकाळपर्यंत बंद होतात. फार उशीर करू नका, कारण सूप संपलं की दुकान संपलं, अशीच पाटी तिथे लागते.